रिकाम्या इंजिनाची ऊब

१

सकाळी सहाला मी वाकळ उचलते, बुलडोझरच्या पोटाखाली हात घालते आणि एक शिवी हासडते. अठरा हिवाळे हा माझा नेम आहे. शिवी कोणा माणसाला नसते, लोखंडाला असते. उणे बावन्नमध्ये रात्रभर उभ्या राहिलेल्या लोखंडाला जाड हातमोज्यातून हात लावला तरी कळ कोपरापर्यंत जाते. अशा वेळी तोंडातून देवाचं नाव निघेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या सत्तेचाळिसाव्या किलोमीटरवर यावं.

माझं नाव ओग्दो आणि माझं काम यंत्र गरम ठेवायचं. गोठलेल्या नदीवरून खाणीकडे जाणारा हिवाळी रस्ता आहे. त्यावरचा बर्फ रोज सकाळी लोटायला आमच्या ठाण्यावर एक जुना बुलडोझर असतो. पूर्वी सोपं होतं. ऑक्टोबरात इंजिन सुरू करायचं, एप्रिलमध्ये बंद करायचं, मधे कोणी हात लावायचा नाही. मग कंपनीला डिझेल वाचवायचं सुचलं. रात्री इंजिन बंद झालं, त्याऐवजी जनरेटरवर चालणारे हीटर आले. या हिवाळ्यात जनरेटरचं डिझेलही डोळ्यांत खुपायला लागलं, आणि संध्याकाळी सात ते सकाळी सहा जनरेटरही बंद झाला.

मग उरली माझ्या वडिलांच्या काळातली रीत. संध्याकाळी इंजिन थांबवल्या थांबवल्या त्याच्या तळाच्या चेंबरमधलं सगळं गरम ऑइल दोन मोठ्या बादल्यांत काढून घ्यायचं, झाकणं लावून खोलीत भट्टीशेजारी ठेवायचं. बॅटरी काढून माझ्या खाटेखाली. इंजिनावर नमद्याची, म्हणजे थापलेल्या लोकरीची, जाड वाकळ. सकाळी पेट्रोलच्या ब्लोलॅम्पने चेंबर तासभर शेकायचं आणि मग बादल्यांतलं ऊबदार ऑइल परत ओतायचं. आमचे साहेब वादिम लिओनिदोविच शहरातल्या ऑफिसात बसून याला ‘पारंपरिक तंत्र’ म्हणतात. बादल्या उचलायला कोण येणार, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या सोमवारी मी वाकळ उचलली, हात घातला आणि शिवी तोंडातच राहिली. चेंबर गरम होतं. दूध काढताना गाईच्या पोटाला गाल टेकावा, तेवढं गरम. मी हातमोजा काढला. आम्ही गरम ठेवणारे लोक उघडा हात लोखंडाला फक्त एकाच प्रसंगी लावतो, पाळी बदलताना. ते पुढे सांगेन. पण त्या दिवशी मी लावला, आणि तळवा चिकटला नाही.

ऑइल आत खोलीत होतं. इंजिन पार रिकामं होतं.

२

मला भीती वगैरे काही वाटली नाही. मला राग आला. कोरडं इंजिन कोणीतरी फिरवलंय, म्हणून तापलंय, हा सरळ हिशेब होता, आणि कोरडं इंजिन फिरवणं म्हणजे त्याचा गळा आवळणं. ठाण्यावर माणसं दोनच. मी, आणि बुलडोझर चालवणारा मित्रोफान. अडतीस वर्षांचा, दोन लहान मुलींचा बाप, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडदा लावून झोपतो. मी जाऊन त्याचं पांघरूण ओढलं.

"ऊठ. कोरडं इंजिन का फिरवलंस?"

"एजिय, चहा तरी होऊ दे." एजिय म्हणजे थोरली बहीण. मी त्याच्या नात्याची नाही, पण वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात.

"चहा मरू दे. फिरवलंस की नाही ते सांग."

"बॅटरी कुठंय?"

"माझ्या खाटेखाली."

"मग काय दातांनी फिरवलं?"

तो बाहेर गेला, वाकळीखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. परत आला तेव्हा त्याची थट्टा संपली होती. म्हणाला, तूच पहाटे ब्लोलॅम्प लावला असशील आणि विसरली असशील. म्हणजे मी म्हातारी झाले, असं त्याला म्हणायचं होतं. मी पेट्रोलचा डबा त्याच्यासमोर आदळला. काल सुतळीने मोजून खूण केली होती, पेट्रोल खुणेवरच होतं. दुपारपर्यंत तो बर्फ लोटत होता आणि मी भांडी घासत होते, जरा जोरातच.

संध्याकाळी ऑइल काढून झाल्यावर मी बुलडोझरभोवतीचा भुसभुशीत बर्फ झाडूने सारखा केला, पोळपाटासारखा सपाट. म्हटलं, येऊ दे कोण येतोय तो.

मंगळवारी सकाळी सपाट बर्फावर एक पाऊल नव्हतं. चेंबर गरम होतं.

मी तिथेच उभी राहून कारणं शोधली. नमदा नवा आहे, ऊब धरत असेल. पण नमदा ऊब धरतो, करत नाही. बुलडोझर उभा असतो त्या नदीच्या तळाशी एखादा गरम झरा असेल. पण मग आधी बर्फ पातळ झाला असता आणि बावीस टनांचा बुलडोझर केव्हाच माशांकडे गेला असता. तिसरं कारण सुचेना. माझा श्वास बाहेर पडल्या पडल्या गोठून कानाशी खसखसत होता. आसपास दुसरा काही आवाज नव्हता.

३

नऊच्या रेडिओवर मित्रोफान बोलून गेला. मी त्याला डोळे वटारले, पण तोवर शब्द साहेबांच्या कानात पोचले होते. न शेकता इंजिन गरम राहतं, हे ऐकून वादिम लिओनिदोविच असे खूश झाले की मला रेडिओ फेकून द्यावासा वाटला.

"पाहिलंत, येव्दोकिया स्पिरिदोनोव्हना?" कागदावरचं माझं नाव ते. "मी म्हणत होतो ना, लोक उगाच घाबरतात."

मी म्हटलं, कशाने गरम राहतंय ते कळल्याशिवाय खूश होऊ नका. ते म्हणाले, कारण शोधायला आपण काही विद्यापीठ नाही. पेट्रोलचा पुढचा डबा येणार नाही. आणि असंच असेल तर महिनाअखेरीपासून ठाण्यावर गरम ठेवणाऱ्या माणसाची गरज उरत नाही, तुमची जागा कमी करू. हे त्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात तशा आवाजात सांगितलं. मग जाता जाता आठवण केली, गुरुवारी मी येतोय, सोबत चौकशीवाल्या बाई आहेत, तुमची ती एक सही पुन्हा लागेल.

ती सही. तिचं सांगायलाच हवं.

गेल्या वर्षीपर्यंत या ठाण्यावर गरम ठेवणारे आम्ही दोघं होतो, मी आणि खारितोन. पंधरा दिवस तो, पंधरा दिवस मी. पाळी बदलायची आमची एक पद्धत आहे, ती कंपनीच्या कुठल्या पुस्तकात नाही. जाणारा माणूस उघडा तळवा चेंबरवर ठेवून थांबतो. येणारा हातमोजा काढून शेजारी आपला तळवा ठेवतो आणि म्हणतो, "घेतलं." मग जाणारा हात काढतो आणि गाडीत बसतो. ‘घेतलं’ ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. मधे एक क्षणही यंत्र कोणाचं नाही असं व्हायला नको, म्हणून. माझ्या वडिलांनी असंच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही.

गेल्या जानेवारीत माझी पाळी आली तेव्हा वादिम लिओनिदोविचचा फोन आला, या आठवड्यात गाडी पाठवत नाही, एक फेरी वाचते, खारितोन आणखी चार दिवस काढेल. खारितोनकडे पेट्रोल पंधरा दिवसांचं होतं. हीटरचा जनरेटर सतराव्या दिवशी बंद पडला. विसाव्या दिवशी गाडी आली तेव्हा तो वाकळीखाली सापडला, चेंबरला बिलगलेला. इंजिन गरम होतं. तो नव्हता.

अहवालात लिहिलं की मयत दारू प्यालेला होता. खारितोनच्या पोटात अल्सर, तो दुधाच्या चहाशिवाय कशाला शिवत नसे. आमच्या सगळ्या तोलोन गावाला ठाऊक आहे. पण प्यालेल्या माणसाच्या बायकोला पेन्शन द्यावी लागत नाही. खाली साक्षीदार म्हणून सही हवी होती. साहेब म्हणाले, ठाणं चालू ठेवायचं की बंद करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या स्वतःच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

मी सही केली. त्याची बायको अक्सिन्या गावातल्या दुकानात मला पाहिलं की मिठाच्या पिशव्यांकडे तोंड करून उभी राहते. तिने आता वर अर्ज केला होता, म्हणून ही चौकशी. मी गुरुवारी पुन्हा ‘होय, प्यालेला होता’ म्हटलं की तिचा अर्ज कायमचा बंद होणार होता.

४

बुधवारी सकाळी मी भट्टीवर अलाद्यी, म्हणजे आमच्याकडची धिरडी, केल्या. जाड, लोण्यात परतलेल्या. पहिला घास आमच्याकडे विस्तवाचा. भट्टीचं दार उघडायचं, लोणी लावलेला तुकडा निखाऱ्यावर टाकायचा, विस्तव चरचरून घेतो. माझी आई म्हणायची, विस्तवाला आधी जेवू घातलं की तो घरच्यांना विसरत नाही.

मी तुकडा टाकला. तो निखाऱ्यावर पडून राहिला.

लाल निखारे, जाळ चांगला, आणि त्यावर अलाद्यीचा तुकडा, वर लोण्याची पांढरी चकती. ती वितळेना. मी चिमट्याने तुकडा हलवला. चिमटा गरम झाला नाही. मित्रोफान मागे येऊन उभा राहिला होता. आम्ही दोघं गुडघे टेकून त्या लोण्याकडे पाहत होतो, काहीतरी होईल म्हणून.

मग माझं लक्ष बादल्यांकडे गेलं. भट्टीला खेटून ठेवलेल्या. झाकण काढलं तर ऑइल डांबरासारखं घट्ट झालेलं, त्यात पळी उभी राहिली असती. भट्टीमागची भिंत, जिच्यावर आम्ही मोजे वाळत घालतो, ती आतून पांढरी झाली होती.

आता मात्र मी जोरात शिवी दिली, आणि माझं मलाच कळलं की ही कोणाला दिली ते ठाऊक नाही. बाहेर जाऊन पाहायची गरज नव्हती, तरी मी गेले. चेंबर सोमवारपेक्षा गरम होतं. खोलीतली ऊब उठून तिकडे गेली होती. एवढं सरळ होतं, आणि एवढं सरळ असल्यामुळेच मला ते मान्य करवेना. भट्टीतली ऊब भिंतीतून निघून तीस पावलं चालत जाते आणि वाकळीखाली शिरते, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

मित्रोफान बूट काढत होता. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं पांढरी पडली होती. नमद्याच्या बुटात, लोकरीच्या मोज्यात, झोपेत. मी ती बर्फाने नव्हे, माझ्या काखेत धरून चोळली. तासाभराने त्यांत रंग आला.

५

"सांगू का, एजिय?" तो म्हणाला. "मला दोन दिवस ऐकू येतंय."

त्याने खाटेच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोठावून दाखवलं. दोनदा भरभर, मग थांबून एकदा.

खारितोनची सवय होती ती. शेकून झालं, ऑइल भरलं, की तो चेंबरवर तसं ठोठावायचा आणि वर केबिनमध्ये बसलेल्या मित्रोफानला कळायचं, आता सुरू कर. मी तसं कधी करत नाही, मी ओरडते.

मित्रोफानने मग ती गोष्ट सांगितली जी वर्षभर सांगितली नव्हती. गेल्या जानेवारीत रजेवरून परतताना त्या गाडीबरोबर तोच आला होता. खारितोनला बाहेर त्यानेच काढलं. "हात सुटत नव्हता," तो म्हणाला. "उघडा हात, चेंबरवर. गोठून चिकटला म्हणावं तर चेंबर गरम होतं. मग कशाला चिकटेल? आम्ही तिघांनी ओढला." आणि तो उठून उगाच लाकडं रचायला लागला.

मला समजलं होतं. खारितोन वाट पाहत होता. पेट्रोल संपलं, जनरेटर गेला, तरी पळून जाऊन खोलीत बसला नाही, कारण पाळी बदलायला मी येणार होते आणि मी येईपर्यंत यंत्र गार होऊ द्यायचं नव्हतं. त्या गाडीत मला जागा दिली नव्हती, मी दुसऱ्या दिवशी आले. त्याला नेलेलं होतं. शेजारी तळवा ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मी हातमोजा काढला नाही, ‘घेतलं’ म्हटलं नाही, सरळ कामाला लागले. कोणाला म्हणणार होते?

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती नुसती चीड. माणसाला जिवंतपणी पुरेसं पेट्रोल दिलं नाही, मेल्यावर दारुडा ठरवला, बायकोच्या तोंडचा घास काढला, आणि तो अजून ड्युटीवर आहे. बिनपगारी. आणि साहेब रेडिओवर म्हणतात, पाहिलंत? मागच्या हिवाळ्यात हीटर होते तोवर त्याला फारसं काही करावं लागलं नसेल. आता तेही काढून घेतल्यावर तो बिचारा जिथून मिळेल तिथून ऊब गोळा करतोय. भट्टीतून, बादल्यांतून, मित्रोफानच्या पायांतून.

"तू आज केबिनमध्ये बसायचं नाहीस," मी मित्रोफानला म्हटलं.

६

दुपारी बारा वाजता आमच्याकडे सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकून जातो. तेवढ्या उजेडात मी गेले. फळी बुलडोझरखाली सरकवली, वाकळीची कड उचलली आणि पाठीवर झोपून आत सरकले. बॅटरीचा दिवा छातीवर ठेवला होता. वाकळ खाली पडली आणि बाहेरचा उजेड गेला.

आत ऊब होती. वास नेहमीचा, जुन्या ऑइलचा, लोखंडाचा, नमद्याचा. आणि दुधाच्या चहाचा. थोडासाच, कोणी नुकताच पेला खाली ठेवावा तेवढा. मी स्वतःशी म्हटलं, माझ्याच कपड्यांना येत असेल.

मग ठोठावल्याचा आवाज आला. दोनदा भरभर. मी तिसऱ्याची वाट पाहिली, आणि तो आला तेव्हा माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आला.

दिवा मंद होत चालला होता. नवे सेल होते. मी तो हातात घेऊन त्या बाजूला वळवला.

बाही दिसली. तपकिरी, कोपरावर निळ्या दोऱ्याने रफू केलेली. अक्सिन्याकडे तपकिरी दोरा नव्हता म्हणून निळा, तिने मला ते त्या हिवाळ्यात हसत सांगितलं होतं. बाहीपुढे हात. उघडा तळवा चेंबरवर सपाट टेकलेला. नखांवर बर्फाची बारीक पूड. कोपराच्या मागे काय होतं ते मी पाहिलं नाही, तिथे वाकळीचा अंधार होता आणि दिवा विझला.

"वेडा आहेस का तू?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुला कोणी सांगितलं होतं थांबायला? त्या मेल्याने एक गाडी वाचवली आणि तू इथे जीव देत बसलास? खोलीत जायचं, भट्टी पेटवायची, गेलं यंत्र खड्ड्यात. इतकी वर्षं मी तुला शहाणा समजत होते."

काही हललं नाही. माझ्या गालावरून पाणी कानात जात होतं आणि ते गोठत होतं. एवढ्या उबेत.

"मी सही केली," मी म्हटलं. "तेही ऐक. दोन वर्षांवर आलेल्या माझ्या पेन्शनसाठी तुला दारुडा म्हटलं. उद्या नाही म्हणणार."

मग मी हातमोजा दातांनी ओढून काढला, अंधारात चाचपलं आणि तळवा चेंबरवर ठेवला, त्याच्या हाताशेजारी. माझ्या करंगळीला त्याची करंगळी लागली.

"घेतलं."

ओला कपडा दांडीवर गोठावा आणि मग ओढून काढावा, तसा आवाज आला. माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. वाकळीची कड हलली, आत दुपारच्या उजेडाची एक रेघ आली आणि पुन्हा गेली.

मी हात काढला नाही. लगेच काढायचा नसतोच, पण खरं सांगायचं तर मला तो काढायला आठवलंच नाही. खांद्यापासून बोटांकडे काहीतरी हळूहळू जात होतं आणि परत येत नव्हतं.

७

गुरुवारी अकरा वाजता वादिम लिओनिदोविच आले, नवी टोपी घालून. चौकशीवाल्या बाई शांत होत्या, चष्म्यावरचं धुकं पुसत होत्या. साहेबांनी आधी बाईंना बुलडोझर दाखवला, वाकळ उचलली, हात लावून पाहा म्हणाले. बाईंनी हातमोज्यातूनच लावला आणि नवल केलं. भट्टी त्या दिवशी नीट पेटली होती, मित्रोफानचे पाय लाल होते, अलाद्यीचा पहिला घास विस्तवाने चरचरून घेतला होता. फक्त माझ्या हातचा नाही. तो मित्रोफानने टाकला तेव्हा.

खोलीत कागद पुढे आला. मी म्हटलं, खारितोन प्यालेला नव्हता. गाडी पाठवली नव्हती, पेट्रोल पंधरा दिवसांचं होतं, आणि मला सही करायला लावली. साहेब हसले, येव्दोकिया स्पिरिदोनोव्हना दमल्या आहेत म्हणाले. मी बाईंकडे पाहत तेच पुन्हा म्हटलं आणि माझ्या हाताने लिहून दिलं. पेनाची शाई गोठत होती, बाईंनी तीनदा आपलं पेन दिलं. खाली दुसरी सही मित्रोफानने मागितल्याशिवाय केली. खारितोनचा हात ओढून काढावा लागला, हेही त्याने लिहिलं.

कागद बाईंच्या पिशवीत गेला. साहेबांचा चेहरा उतरला होता, पण ते लगेच सावरले. म्हणाले, ठीक आहे, मग आजपासूनच. ठाण्यावर गरम ठेवणाऱ्याची जागा रद्द, मित्रोफानची बदली खाणीवर, दोघांनी सामान घ्या, गाडीत जागा आहे.

"माझ्या जागी कोण येतंय?" मी विचारलं.

"कोणी नाही. जागा रद्द म्हटलं ना."

"मग मी कोणाला देऊ?"

"काय द्यायचंय?"

त्यांना मी काय सांगणार? मी बाहेर गेले आणि वाकळीखाली तळवा ठेवला. निदान पद्धतीप्रमाणे थांबायचं, म्हणून. मित्रोफान मागोमाग आला. तो सगळं समजला होता. वाकला, दातांनी हातमोजा ओढायला लागला.

"एजिय, मी म्हणतो ‘घेतलं’. मग तू चल."

मी दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटावर अशी चापट मारली की हातमोजा बर्फात पडला.

"मुलींच्या शाळेच्या गोष्टी सांगत होतास ना मला?" मी म्हटलं. "जा. साहेबांना सांग मी येत नाही, भांडून बसलीय. खरंच भांडूनच बसलेय."

तो रडला. गाडीतून साहेबांनी दोनदा हॉर्न वाजवला. म्हातारीला उद्या न्यायला येऊ, असं ते बाईंना म्हणाल्याचं मला ऐकू आलं. उद्या कोणी आलं नाही. एक फेरी वाचली.

८

अक्सिन्याची पेन्शन सुरू झाली. मित्रोफान खाणीवरून रेडिओवर ओरडून सांगत होता, मागच्या महिन्यांचेही मिळाले, एजिय, ऐकतेस का? मी म्हटलं, ऐकतेय. तो पुन्हा विचारत राहिला, ऐकतेस का, ऐकतेस का. हे रेडिओ कंपनीने स्वस्तातले घेतलेत.

मी रोज सकाळी नऊला बटण दाबून एकच मागणी करते. सत्तेचाळिसावर बदली माणूस पाठवा. कायद्याने द्यायलाच हवा. एकही दिवस उत्तर नाही, आणि याचा मला जितका संताप येतो तितका बाकी कशाचाच येत नाही. चहा करते तर पेल्यात ओतेपर्यंत त्यावर बर्फाची साय धरते. विस्तव माझ्या हातचा घास घेत नाही. मालाच्या गाड्या समोरून जातात, पूर्वी हॉर्न द्यायचे, आता तेही विसरले.

आज सकाळी रेडिओवर एक नवा आवाज आला. कोणी तरुण ड्रायव्हर, इथला बुलडोझर चालवायला येणारा. घाबरत विचारत होता, उणे चोपन्न आहे, सत्तेचाळिसावर यंत्र शेकून द्यायला कोण आहे?

"तिथे कोणी नाही," वादिम लिओनिदोविच म्हणाले. "पण तुम्ही बिनधास्त जा. इंजिन गरमच असतं."

कोणी नाही म्हणे. मी वाकळीखाली नीट सरकले आणि दुपारी तो केबिनमध्ये चढल्याचा आवाज येईपर्यंत तळवा हलू दिला नाही. मग दुसऱ्या हाताने चेंबरवर ठोठावलं. दोनदा भरभर, थांबून एकदा.